झिंगेची साक्ष

विशाखाच्या वाट्याला कोशातले नशेचे शब्द आले तेव्हा तिच्या नवऱ्याला, श्रीनाथला, आठवडाभर हसू आवरेना. "आमच्या घरी आता अफू, गांजा, चरस सगळं मिळतं," असं तो बँकेत ज्याला त्याला सांगत सुटला. नांदेडच्या कॉलेजात मराठी शिकवणारी, चहासुद्धा अर्धाच कप घेणारी ही बाई. पण भाषेचे जुने अभ्यासक बापूसाहेब यांनी मराठवाड्याच्या बोलीचा कोश करायला घेतला, कामं वाटून दिली, आणि कुणीच हात लावीना म्हणून हा विभाग तिच्या गळ्यात पडला. मग तिनंही तो असा धरला की विचारू नका. देगलूरपासून किनवटपर्यंत फिरली. शिंदीच्या झाडाखाली बसली, गोसाव्यांच्या चिलमीच्या धुरात बसली, तर्र झालेल्या माणसालाच तर्र होणं म्हणजे काय ते विचारून आली. तिची उमेदीची वर्षं या कामात गेली.

आता बापूसाहेब थकले होते. डोळ्यांनी दगा दिला होता, लिहिताना हात थरथरत होता. कोशाचं संपादकपद कुणाच्या तरी हवाली करून ते मोकळे होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विशाखाला ते हवं होतं. चारचौघांत ती "छे, मला कशाला ती झंझट" म्हणायची, पण हवं होतं, अगदी भुकेल्या माणसाला ताट हवं असतं तसं. वाटेत एकच धोंड होती, आणि तिचं नाव नाजिया.

नाजिया मूळची लातूरची. गंजगोलाईच्या बाजारात तिच्या अब्बांचं, रियाजभाईंचं, युनानी औषधांचं जुनं दुकान. एम.ए.ला ती नांदेडला विशाखाच्याच वर्गात होती. विशाखा वर्षानुवर्षं वर्गात सांगत आली होती, की अहि म्हणजे साप, फेन म्हणजे फेस, सापाचा फेस तो अहिफेन आणि त्यावरून अफू. मुलांना सापाची गोष्ट आवडायची. नाजियानं मात्र हात वर केला. "मॅडम, आमच्या दुकानात अफयून म्हणतात. तो शब्द अरबीत ग्रीकांकडून आला, झाडाचा रस असा अर्थ हाय त्याचा. मला वाटतं अहिफेन हे मागून चढवलेलं सोवळं असंल." वर्ग खदखदून हसला. विशाखाही हसली, शाब्बास म्हणाली, आणि घरी जाऊन पुस्तकं उघडून बसली. पोरगी बरोबर होती. त्या दिवशी जे तिच्या पोटात दुखायला लागलं, ते पुढं कधी थांबलंच नाही.

गंमत अशी की नाजियाला बापूसाहेबांकडं नेलं ते विशाखानंच. हुशार विद्यार्थिनी म्हणून मिरवायला नेलं आणि पायावर धोंडा पाडून घेतला. बापूसाहेब वडिलांकडून उर्दू शिकलेले. नाजियाशी ते मराठीत सुरू करायचे आणि दोन वाक्यांत दखनी उर्दूत घसरायचे. एकदा त्यांनी 'कैफ' कुठला म्हणून विचारलं. नाजिया म्हणाली, "अरबीत कैफ म्हणजे 'कसं', सर. कसं हाय, कसं वाटतं. तिथून मनाची अवस्था, आणि तिथून हा तरंगणारा कैफ." बापूसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "बहोत खूब, बेटा! बहोत खूब!" विशाखा शेजारीच बसली होती. गावोगावच्या धुळीतून तिनं शेकड्यांनी शब्द गोळा करून आणले होते, त्यावर बापूसाहेब फार तर "बरं झालं" म्हणत. बहोत खूब तिच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं.

कोशाचा एक दंडक होता. पुस्तकात सापडेल ते सापडेल, पण लोकांच्या तोंडून घेतलेल्या प्रत्येक शब्दाला साक्ष लागायची. बोलणाऱ्याचं नाव आणि गाव, आणि ऐकणाऱ्याची सही. साक्ष खोटी निघाली तर ऐकणाऱ्याचे सगळेच शब्द कोशाबाहेर. किनवटकडच्या एका आश्रमशाळेवर भुजंग नावाचे गुरुजी होते. कोशात आपलं नाव जास्त वेळा यावं म्हणून त्यांनी जंगलातले दोन-चार शब्द स्वतःच रचून पाठवले. पकडले गेले, तेव्हा त्यांचे खरे शब्दही गेले. "दुधात मीठ पडल्यावर दूध निवडत बसायचं न्हाई," असं त्या बैठकीत ठणकावून सांगणारी विशाखाच होती.

तर यंदा व्यसनमुक्ती सप्ताहात लातूरच्या एका कॉलेजनं नशेच्या शब्दांवर व्याख्यान ठेवलं. बापूसाहेब अध्यक्ष. व्याख्यानानंतर ते कोशाबद्दल घोषणा करणार, असंही निमंत्रणात होतं. श्रीनाथनं चहा पिता पिता फोनवरचं निमंत्रण मोठ्यानं वाचलं. "वक्त्या, प्राध्यापक नाजिया शेख." मग बायकोचा चेहरा पाहून त्यानं फोन उलटा ठेवला.

"विषय माझा," विशाखा म्हणाली. "विभाग माझा. गोसाव्यांचा धूर मी खाल्ला. आणि बोलणार कोण, तर ती!"

"अगं, तिचं कॉलेज तिथं हाय म्हणून बोलावलं असंल."

"तू गप बस."

त्याच आठवड्यात नाजिया नांदेडला आली, ती थेट विशाखाच्या घरी. येताना नानखटाईचा डबा घेऊन आली, आल्या आल्या वाकून नमस्कार केला, आणि विशाखाच्या अंगाचा तिळपापड झाला. ही वाकते ती आपल्याला खाली पाहायला लावायलाच, असं तिला वाटलं. हेवा एकदा घरात शिरला की नमस्कारसुद्धा सरळ दिसत नाही.

"मॅडम, मी झिंगेवर अडून राहिले," नाजिया म्हणाली. "बाकी सगळं जमलं. झिंग कुठून आली ते कुणालाच सांगता येईना. कुणी म्हणतं नुसता आवाज हाय, कुणी काहीच म्हणत न्हाई. सरांनी पण ती जागा कोरीच ठेवलीय. तुम्ही एवढ्या फिरलात, तुमच्या कानावर कुठं काही आलंय का?"

नाही आलं, असं सांगायला विशाखानं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "माझ्या आजोळी, बिलोलीकडं, मलप्पा म्हणून शिंदी काढणारा यायचा. त्याच्या कमरेच्या दोरीला घुंगरू बांधलेलं असायचं. त्याला तो झिंग म्हणायचा. वर मडकं भरलं की तो कंबर हलवायचा. खाली झिंग वाजली की प्यायला बसलेले सरसावून बसायचे. झिंग आली रे, झिंग आली, म्हणायचे. तिथून तो शब्द."

यातला मलप्पा तेवढा खरा होता. शिंदीही खरी होती. घुंगरू मात्र विशाखाच्या डोक्यात त्या क्षणी जन्मलं होतं, आणि मलप्पाच्या तोंडून झिंग हा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता. पण खोटं असं सुबक उतरलं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. नाजियाचे डोळे चमकले. "मॅडम! हे तुम्ही कुणाला सांगितलं का न्हाई आजवर?"

"राहून गेलं," विशाखा म्हणाली आणि नानखटाई उचलली.

हिशेब तिच्या मनात तयार होता. ही तरुण मंडळी ऐकलेलं आपलंच म्हणून सांगतात. नाजिया व्यासपीठावर घुंगराची गोष्ट रंगवून सांगेल. बापूसाहेब विचारतील, साक्ष कुणाची? पोरगी अडखळेल. आपलं नाव घेतलंच, तर आपण हसून म्हणायचं, अगं वेडे, मी आपली सहज कल्पना केली होती, तू तेवढ्यावर भाषण ठोकलंस? नाजिया गेल्यावर विशाखानं कपबशा विसळल्या आणि पोटातलं दुखणं कितीतरी दिवसांनी जरा थांबल्यासारखं झालं.

लातूरला जायला नाजियाच्या कॉलेजची गाडी बापूसाहेबांना न्यायला येणार होती. "तुम्हीही चला," असं त्यांनी कळवलं. विशाखानं काम आहे म्हणून सांगितलं आणि एसटीनं निघाली. नाजियाच्या मेहेरबानीच्या गाडीत तिला बसायचं नव्हतं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा फोन वाजला. नाजियाचा निरोप होता, 'मॅडम, जेवायला आपल्याच घरी. अम्मीनं खास तुमच्यासाठी शाकाहारी केलंय, भांडी पण वेगळी काढलीत.' विशाखानं फोन हातात धरला. एक ओळ लिहिली असती तरी पुरे होतं, झिंगेचं सोडून दे म्हणून. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, आणि तिनं फोन पर्समध्ये टाकला.

सभागृह गच्च भरलं होतं. नाजिया उभी राहिली आणि पहिल्या पाच मिनिटांत तिनं पोरांना खिशात घातलं. "तुम्ही जिला वाईट म्हणता ती दारू फारसीत औषध हाय," ती म्हणाली. "दवादारू म्हणतो न आपण? त्यातली दारू तीच. बाटलीत जाऊन बिघडली." मग शराब आणि सरबत एकाच अरबी घराण्यातले, दोन्हींचा अर्थ प्यायची वस्तू, हे सांगितलं. दुकानात अब्बा औषध मधात मळून ठेवायचे ती माजून, म्हणजेच मळलेली, आणि भांगेच्या वडीची माजूम झाली तीही तिथूनच. एका पोरानं उठून विचारलं, "मॅडम, गंजगोलाईत पूर्वी गांजा विकत होते का?" सगळं सभागृह फुटलं. नाजिया हसत म्हणाली, "गंज फारसीत खजिना, पुढं बाजार. गांजा संस्कृतातला. दोघांची सोयरीक तू लावून राहिलास." मग तिनं आवाज खाली आणला. "अमल हा शब्द बघा. अरबीत अमल म्हणजे कृती. आपण राजाचा अंमल म्हणतो, आणि नशेचा पण अंमलच म्हणतो. आपल्यावर कुणाचं तरी चालतं, आपलं चालत न्हाई. अंमली पदार्थ म्हणतात ते म्हणून."

पोरं वह्या काढून लिहून घेऊ लागली. विशाखा तिसऱ्या रांगेत बसून नखं खात होती. अंमलाच्या त्या नोंदी तिनं स्वतः केल्या होत्या, दोन्ही अर्थ एकाखाली एक लिहिले होते, आणि तरी त्यांच्याकडं असं पाहायचं तिला सुचलं नव्हतं. आपण वेचलेल्या चिंचेची ही चटणी करते आणि वाहवा मिळवते. विशाखाला इतका राग आला की हातातली पत्रिका चुरगळली गेली. एकदाची झिंगेवर येऊ दे, मग बघते, असं ती मनाशी म्हणाली.

झिंग आली. नाजियानं मलप्पाचं घुंगरू सांगितलं, आणि खरं सांगायचं तर विशाखानं सांगितलं त्याहून झकास सांगितलं. बापूसाहेब खुर्चीत पुढं सरकले. "साक्ष कुणाची, बेटा?"

विशाखानं चुरगळलेली पत्रिका मांडीवर सरळ केली.

"बोलणारे मलप्पा, बिलोलीकडचे," नाजिया म्हणाली. "पण हा शोध माझा न्हाई, सर. विशाखा मॅडमचा हाय. मॅडम, उभ्या राहता का जरा? तुमच्या तोंडून मी ऐकलाय, तेव्हा ऐकणारी म्हणून सही माझी."

मॅडम उभ्या राहिल्या. दुसरं करणार काय! हसून उडवून लावायचं वाक्य घशात तयार होतं, पण बापूसाहेब काठी टेकत उठले आणि हात वर करून म्हणाले, "बहोत खूब, विशाखाबाई! बहोत खूब!" टाळ्या पडल्या. वाक्य परत पोटात गेलं.

बापूसाहेबांनी माईक घेतला. "मी कोश नाजियाच्या हवाली करणार होतो. ही पोरगी म्हणे, पहिला हक्क मॅडमचा. मी म्हणालो, बाई गोळा छान करतात, पण स्वतःहून एका शब्दाचं मूळ शोधलेलं मी पाहिलं न्हाई; एक तरी आणून दाखव. म्हणून ही बाईंकडं गेली, आणि घेऊन आली. आजपासून कोशाच्या संपादक विशाखाबाई." त्यांनी तिथंच झिंगेच्या नोंदीवर नाजियाची सही घेतली आणि विशाखाच्या गळ्यात हार पडला.

रियाजभाईंच्या घरी पोचेपर्यंत विशाखाला चढली होती. दुसरा शब्द नाही. मलप्पा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आजोळी ओळखीचं कुणी उरलं नव्हतं, घुंगरू वाजलं की नाही हे विचारायला कोण येणार! जे हवं होतं ते मिळालं होतं. नाजियाची आई शकिला तिच्या ताटात वरण वाढत होती, बापूसाहेब शेजारी बसले होते, नाजिया पाणी देत होती.

"सही झाली ते बरं झालं," बापूसाहेब भात कालवता कालवता म्हणाले. "कोश काय, कुणीही पुढं नेईल, बाई. पण चालून आलेली खुर्ची दुसऱ्याला द्यायची, आणि वर तिच्यासाठी पुरावा हिंडून आणायचा, हे मन मी उभ्या आयुष्यात दुसरीकडं पाहिलं न्हाई. तुम्ही नशीबवान, अशी शिष्या मिळाली."

विशाखाची झिंग उतरली. म्हणजे आजही मोठी तीच. हार आपल्या गळ्यात आणि कौतुक तिचं. ही खुर्ची तिनं टाकलेली, आपण झेललेली. उद्यापासून रोज त्या खुर्चीत बसायचं आणि रोज तिच्या चांगुलपणावर जगायचं, हे विशाखाला सहन होईना. तिला पश्चात्ताप वगैरे झाला असं कुणी समजू नये. जे तोंडातून निघालं ते हेव्यानंच निघालं.

"ते घुंगरू खोटं आहे," ती म्हणाली.

शकिलाबींचा हात वाढता वाढता थांबला. बापूसाहेबांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"मलप्पा खरा. घुंगरू मी रचलं. नाजिया तोंडघशी पडावी म्हणून रचलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं."

नाजिया पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मी सही केली, मॅडम," ती म्हणाली. "भरल्या सभेत गवाही दिली मी. अल्लाला काय तोंड दाखवू?"

"सांगितलं न, तुला माहीत नव्हतं."

"मला माहीत करून घ्यायचंच नव्हतं! मी विचारलं न्हाई तुम्हाला. तुमच्या तोंडचं म्हणून विचारलं न्हाई." तिचा आवाज फाटला. "काय बिघडवलं होतं मी तुमचं?"

"काहीच नाही," विशाखा म्हणाली. "हेवा वाटतो मला तुझा. अहिफेनाच्या दिवसापासून वाटतो."

बापूसाहेबांनी ताटातच हात धुतला. ते जेवण अर्धं टाकत नसत. "भुजंगाचे शब्द काढले तेव्हा तुम्हीच बोलला होतात, बाई," ते हळू म्हणाले. "खुर्ची तर गेलीच. सही नाजियाची असली तरी मलप्पाला ऐकणाऱ्या तुम्ही; मग तुमचे शब्द मी कसे ठेवू? सगळा विभाग काढावा लागंल."

विशाखाला हे ठाऊक होतं. देगलूर, मुखेड, किनवट, ती झाडं, ती माणसं, सगळं एका घासात गेलं. तिनं भिंतीला पाठ टेकली. श्रीनाथला काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"काढू नका, सर," नाजिया म्हणाली. ती अजून रागानं थरथरत होती, विशाखाकडं बघत नव्हती. "ते शब्द मॅडमचे न्हाईत. बोलणाऱ्यांचे हायत. त्यांनी काय गुन्हा केला? मी जाते गावोगाव. प्रत्येक शब्द पुन्हा ऐकते. जो आज कुणाच्या तोंडी सापडंल तो राहील, न सापडंल तो जाईल."

"आणि ऐकणारी म्हणून सही?" बापूसाहेबांनी विचारलं.

"माझी. दुसऱ्या कुणाची असणार?"

बापूसाहेबांनी मान विशाखाकडं वळवली. "विशाखाबाई, कुठल्या गावात कोण भेटतं, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक न्हाई. तुम्ही वाट दाखवली तर शब्द राहतील, नाजियाच्या नावानं. न्हाई म्हणालात तर जातील. तुमचं तुम्ही ठरवा."

विशाखानं नाजियाकडं पाहिलं. तिचं तरुण वय, ताठ मान, वर आणखी हा चांगुलपणा. कोश छापून येईल, तेव्हा प्रत्येक शब्दाखाली हिचं नाव असेल. चिलमीखाली हिचं, शिंदीखाली हिचं. लोक म्हणतील, काय फिरली असेल ही बाई! विशाखाच्या पोटात आग पेटली, आजवर कधी पेटली नव्हती एवढी. एक नाही म्हटलं की झालं, हिला काही मिळणार नाही.

शकिलाबी तिच्यापुढचं ताट उचलायला वाकल्या. विशाखानं त्यांना हातानं थांबवलं.

"लिही," ती नाजियाला म्हणाली. "किनवटपासून सुरू कर. रेल्वेच्या पुलापलीकडं अंजूबाई म्हणून म्हातारी आहे, गोसाव्यांच्या घरातली. ती लई थकलीय, तेव्हा आधी तिच्याकडं जा. आणि गेल्या गेल्या शब्द विचारू नको, चिडते. आधी तिच्या गुडघ्याचं विचार."